वादळ लांब, लाट जवळ

कोकणपट्टीतल्या आपल्या कितीतरी घरांची रोजीरोटी समुद्रावर आहे. कोणाचा मुलगा मालवाहू जहाजावर खलाशी आहे, कोणाचे मामू तेलाच्या टँकरवर आहेत, कोणाची स्वतःची मच्छीमारीची होडी आहे. चक्रीवादळाची बातमी आली की अशा घरांत पहिला प्रश्न एकच असतो : वादळ धडकणार कुठे? आपल्या किनाऱ्यावर येणार नाही असे कळले की सगळे निःश्वास टाकतात. कौले शाबूत राहणार, आंबा-सुपारी वाचणार, वीज जाणार नाही. पण आपला माणूस किनाऱ्यापासून शंभर-दोनशे मैल आत असेल, तर त्याच्यासाठी हा दिलासा कामाचा नाही. वादळ कोठेही न धडकता नुसते समुद्रातून निघून गेले, तरी वाटेत सापडलेल्या जहाजासाठी ते तितकेच भयंकर असते.

या लेखात अशाच एका वादळाची आणि एका जहाजाची हकिकत सांगायची आहे. घटना २०१५ सालची, अमेरिकेजवळच्या अटलांटिक महासागरातली. त्या जहाजाचे शेवटचे सव्वीस तासांचे बोलणे नोंदले गेले होते आणि ते पुढे जगासमोर आले. म्हणून समुद्रावर माणसे नेमकी कोठे चुकतात हे जितके या घटनेतून समजते, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या घटनेतून समजत असेल.

एकाच वादळाची वेगवेगळी नावे

आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो, त्यालाच अटलांटिकमध्ये हरिकेन आणि चीन-जपानच्या बाजूला टायफून म्हणतात. अटलांटिकमध्ये वाऱ्याचा स्थिर वेग ताशी सुमारे ११८ किलोमीटरच्या वर गेला की वादळ हरिकेन ठरते. दर्यावर्दी हाच वेग ६४ नॉट असा मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला एक समुद्री मैल, आणि एक समुद्री मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर.

समुद्राची भाषा आपल्याला परकी नाही. आपण सहज बोलतो तो 'मोसम' अरबीतून आला आणि इंग्रजीतला 'मान्सून'ही त्याच शब्दापासून झाला. 'बंदर' फारसी आहे. आपला 'नाखवा' हा फारसीतला 'नाखुदा', म्हणजे जहाजाचा धनी. या शेवटच्या शब्दाकडे पुढे पुन्हा यायचे आहे, कारण आमच्या हकिकतीत जहाजाचा धनी आणि त्याचे हाताखालचे लोक यांच्यातल्या बोलण्यालाच फार महत्त्व आहे.

वारा, लाट आणि अंतर

लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरते : वारा किती जोराचा आहे, तो किती वेळ वाहतो, आणि किती लांबवर मोकळ्या पाण्यावरून वाहतो. मोठ्या चक्रीवादळात या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्यामुळे 'वारा थोडा वाढला' हे वाक्य समुद्रावर फार फसवे आहे.

वादळात तयार झालेल्या लाटा वादळाजवळच थांबत नाहीत. ज्या लाटांमध्ये पंधरा सेकंदांचे अंतर असते, त्यांची ताकद खोल पाण्यातून दिवसभरात सुमारे हजार किलोमीटर जाऊ शकते. म्हणूनच कधीकधी किनाऱ्यावर वारा पडलेला असतो, आकाश स्वच्छ असते, आणि तरीही समुद्र मोठमोठ्या लाटा आणून टाकत असतो. त्या लाटा लांब कोठेतरी उठलेल्या वादळाच्या असतात. उथळ पाण्यात आल्यावर त्यांचा वेग कमी होतो आणि उंची वाढते. होडी खाडीच्या तोंडाशी उलटते ती पुष्कळदा अशा वेळी.

खुद्द वादळाच्या आसपास आणखी एक संकट असते. वारा गोल फिरत असल्यामुळे लाटाही वेगवेगळ्या दिशांनी येतात. एक लाट समोरून येते, दुसरी कुशीवर आदळते. उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. वादळ ज्या दिशेने चालले आहे तिकडे तोंड केले, तर त्याची उजवी बाजू अधिक धोक्याची असते. त्या बाजूला वाऱ्याच्या वेगात वादळाच्या स्वतःच्या चालीचाही वेग मिळतो.

हवामानाच्या बातमीत 'लाटांची उंची चार मीटर' असे सांगतात, त्याचाही अर्थ समजून घ्यावा. सगळ्या लाटांपैकी सर्वांत उंच अशा एक तृतीयांश लाटा घेऊन त्यांची सरासरी काढतात, तो हा आकडा. म्हणजे चार मीटरच्या समुद्रात अधूनमधून सात-आठ मीटरची लाटही येऊ शकते, आणि होडीला उलटायला अशी एक लाट पुरते.

'दीपस्तंभ' नावाचे जहाज

त्या जहाजाचे नाव 'एल फारो'. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ दीपस्तंभ. १९७५ साली बांधलेले, सुमारे २४१ मीटर लांबीचे हे मालवाहू जहाज अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल बंदरातून पोर्तो रिको बेटावरच्या सान हुआन बंदराकडे नेहमी ये-जा करीत असे. २९ सप्टेंबर २०१५ च्या रात्री आठच्या सुमारास ते निघाले. त्यावर कंटेनर होते, ट्रेलर आणि मोटारी होत्या, आणि ३३ माणसे होती. त्यांपैकी २८ अमेरिकन आणि ५ पोलंडचे होते.

त्या वेळी बहामा बेटांच्या ईशान्येला 'वाकीन' नावाचे वादळ होते. जहाज निघाले तेव्हा ते अजून हरिकेन झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी झाले. अटलांटिकमधली पुष्कळशी वादळे उत्तरेकडे वळतात. हे मात्र नैऋत्येकडे, म्हणजे बहामा बेटांकडे आणि जहाजाच्या वाटेकडे सरकत राहिले. त्याच्या मार्गाचे आणि जोराचे अंदाज त्या दिवसांत हवामानशास्त्रज्ञांनाही नीट साधत नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

अंदाज चुकू शकतो हे दर्यावर्दींना ठाऊक असते. त्यासाठी एक साधा नियम आहे. ज्या भागात ३४ नॉटच्या वर वारा असेल, तो भाग टाळायचाच. शिवाय त्या भागाच्या कडेला चोवीस तासांनंतरच्या अंदाजासाठी १०० समुद्री मैल, अठ्ठेचाळीस तासांनंतरच्या अंदाजासाठी २०० आणि बहात्तर तासांनंतरच्या अंदाजासाठी ३०० समुद्री मैल आणखी जोडायचे, आणि एवढ्या सगळ्या पट्ट्यापासून लांब राहायचे. अंदाजातली चूक पोटात घेण्यासाठीच हे अंतर असते.

'एल फारो'समोर दुसरी वाट होती. क्यूबाच्या उत्तरेने जाणाऱ्या जुन्या बहामा खाडीतून गेले असते तर मध्ये बेटांची आड मिळाली असती. प्रवास लांबला असता, तेल जास्त लागले असते, माल उशिरा पोचला असता. महिनाभर आधी दुसऱ्या एका वादळाच्या वेळी याच जहाजाने ती वाट घेतलीही होती. या वेळी कप्तानाने नेहमीचाच मार्ग ठेवला. दोनदा तो थोडा दक्षिणेकडे वळवला आणि वादळाच्या खालून निसटून जाऊ असे धरले.

त्या रात्री

जहाज जिथून चालवतात त्या वरच्या खोलीला ब्रिज म्हणतात. तिथे हवामानाची माहिती दोन मार्गांनी येत होती. एक छापील संदेश उपग्रहामार्फत थेट ब्रिजवर उतरत असे. तो कोरडा आणि आकड्यांचा असे, पण ताजा असे. दुसरी माहिती एका खाजगी सेवेची, नकाशावर रंगीत चित्र दाखवणारी. ती कप्तानाच्या ईमेलवर येई. दिसायला ती सुबक होती, पण त्यातली वादळाची जागा कित्येक तास जुनी असे. एका वेळच्या फायलीत तर आधीच्याच फायलीतली वादळाची माहिती पुन्हा आली होती. कप्तानाचा भरवसा या चित्रावर अधिक होता. म्हणजे एकाच जहाजावर कप्तान एक वादळ पाहत होता आणि ब्रिजवरचे अधिकारी दुसरे.

रात्री आठच्या सुमारास कप्तान आपल्या खोलीत गेला आणि पहाटे चारनंतर परत ब्रिजवर आला. दरम्यान अकराच्या सुमारास थर्ड ऑफिसरने त्याला फोन केला आणि वादळ जोर धरत आहे, आपण त्याच्या फार जवळ जात आहोत, असे सांगितले. मध्यरात्रीनंतर पहाऱ्यावर आलेल्या सेकंड ऑफिसरनेही सव्वाच्या सुमारास फोन केला. ही एक महिला अधिकारी होती. दक्षिणेकडे वळून बेटांच्या मधून जुन्या बहामा खाडीत उतरता येईल, असा मार्ग तिने आखून ठेवला होता. नोंद फक्त ब्रिजवरच्या आवाजांची झाली असल्यामुळे फोनच्या दुसऱ्या टोकाला कप्तान काय बोलला ते ऐकू येत नाही. पण फोन ठेवल्यावर तिने ठरलेला मार्गच पुढे चालू ठेवला. दोघांनीही आपले म्हणणे अदबीने मांडले. 'साहेब, एकदा वर येऊन स्वतः पाहा,' असा हट्ट कोणी धरला नाही.

आणखी एक छोटीशी गोष्ट. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की उत्तर गोलार्धात वादळाचे केंद्र आपल्या डाव्या हाताच्या बाजूला असते. बाईज बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडलेला हा नियम आजही प्रत्येक दर्यावर्दीला शिकवतात. त्यावरून उपग्रहाशिवायही वादळ कोठे आहे ते ताडता येते. पण चालत्या जहाजावर खरा वारा ओळखायला वारामापक लागतो, आणि 'एल फारो'वरचा वारामापक धड काम करीत नव्हता.

पहाटे समुद्र फार खवळला. वाऱ्याने जहाज एका कुशीवर कलले. पावणेसहाच्या सुमारास तळातल्या एका मालखान्यात पाणी शिरल्याचे कळले. डेकवरचे एक छोटे झाकण उघडे राहिले होते. ते बंद करता यावे म्हणून कप्तानाने जहाज वळवून कल दुसऱ्या बाजूला नेला. झाकण बंद झाले. पण जहाज नव्या बाजूला कलल्यावर इंजिनाला वंगण पुरवणाऱ्या पंपाला तेल मिळेनासे झाले आणि सहाच्या सुमारास इंजिन बंद पडले. ज्या जहाजाला चाल नाही, ते लाटांकडे तोंड ठेवू शकत नाही. ते आडवे होते आणि प्रत्येक लाट कुशीवर घेते. हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांतून पाणी आत जात राहिले.

सव्वासातच्या सुमारास मदतीचा संदेश गेला. साडेसातच्या आसपास जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ७ वाजून ३९ मिनिटांनी नोंद थांबते. शेवटच्या मिनिटांत सुकाणूवरचा खलाशी कललेल्या ब्रिजवर अडकला होता, आणि कप्तान त्याला सोडून गेला नाही. त्याला धीर देत तो तिथेच राहिला. त्याची चूक मोठी होती, पण माणूस म्हणून त्याने आपल्या खलाशाकडे पाठ फिरवली नाही, हेही त्याच नोंदीत आहे.

३३ पैकी एकही माणूस वाचला नाही. जहाज बहामाच्या क्रुकेड आयलंडजवळ साडेचार किलोमीटरहून अधिक खोल पाण्यात जाऊन बसले. बोलणे नोंदवणारे यंत्र दहा महिन्यांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये वर काढण्यात आले. त्याच वादळात हैतीजवळ 'मिनूश' नावाचे एक छोटे मालवाहू जहाजही बुडाले. त्यावरचे बाराही जण वेळेत तराफ्यात उतरले आणि अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने रात्रीच्या अंधारात त्यांना उचलून आणले. 'एल फारो'वरच्या जीवरक्षक होड्या जुन्या पद्धतीच्या, वरून उघड्या होत्या. अशा समुद्रात त्या खाली सोडणे जवळजवळ अशक्य होते.

चौकशीने काय सांगितले

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २०१७ मध्ये आपला निष्कर्ष दिला. वादळ टाळण्यासाठी कप्तानाने पुरेसे काही केले नाही, सर्वांत ताजी माहिती वापरली नाही, आणि माणसांना एकत्र करण्याचा हुकूम उशिरा दिला, ही मुख्य कारणे. हाताखालच्या अधिकाऱ्यांच्या सूचनांचा त्याने नीट विचार केला नाही, हेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. कंपनीची देखरेख अपुरी होती, हाही ठपका आहे. मंडळाने सुरक्षेसाठी ५३ शिफारशी केल्या. जहाजांवर उघड्या जीवरक्षक होड्या ठेवू नयेत आणि प्रत्येक खलाशाजवळ त्याची जागा कळवणारे स्वतंत्र यंत्र असावे, या त्यांतल्याच.

आपल्या समुद्रात

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देता येत नाही. मे २०२१ मधले 'तौक्ते' वादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकलेच नाही. ते आपल्या किनाऱ्याला समांतर समुद्रातून वर गेले आणि १७ मेच्या रात्री गुजरातमध्ये जमिनीवर उतरले. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. तरीही मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा तरंगता तराफा २६१ माणसांसह समुद्रातच राहिला. त्याचे नांगर तुटले, तो वाहत जाऊन एका निर्मनुष्य फलाटावर आदळला आणि १७ मेच्या संध्याकाळी बुडाला. 'आयएनएस कोची' आणि 'आयएनएस कोलकाता' यांसह नौदलाच्या जहाजांनी त्या खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना वाचवले. बाकीचे घरी आले नाहीत. 'वरप्रदा' या टगबोटीवरच्या तेरांपैकी दोघेच वाचले.

आदल्या वर्षी ३ जून २०२० रोजी आलेले 'निसर्ग' वादळ श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या लोकांना चांगले आठवते, कारण त्याने घरे पाडली. 'तौक्ते'ने रायगड-रत्नागिरीतही नुकसान केले, पण त्याने सर्वांत जास्त माणसे गिळली ती समुद्रात.

म्हणून बंदरावरच्या बावट्यांचा अर्थ घरातल्या सगळ्यांना माहीत असावा. एक आणि दोन नंबरचा बावटा म्हणजे वादळ लांब समुद्रात आहे; बंदराला धोका नाही, पण बंदर सोडून जाणाऱ्या जहाजाला आहे. तीन नंबरचा बावटा लागला की धोका बंदरापर्यंत आला. तीन नंबर लागेपर्यंत थांबायचे, ही सवय होडीवाल्याने ठेवू नये. त्याच्यासाठी दोन नंबरच शेवटचा इशारा आहे.

घराने काय करावे

ज्यांचा माणूस समुद्रावर आहे, त्यांनी वादळाच्या बातमीत फक्त 'धडकणार कुठे' एवढेच पाहू नये. वादळ कोणत्या दिशेने चालले आहे, आपला माणूस त्याच्या कोणत्या बाजूला आहे, आणि बातमी किती वाजताची आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. मोबाइलवर फिरत आलेला नकाशा कालचा असू शकतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या लाटांचा अंदाज रोज देते आणि हवामान खाते मच्छीमारांसाठी वेगळे इशारे देते. तेच पाहावेत. भारतीय तटरक्षक दलाचा संकटकालीन क्रमांक १५५४ हा प्रत्येक होडीवाल्याच्या घरात भिंतीवर लिहिलेला असावा. होडीवर व्हीएचएफ संच असेल तर १६ नंबरचे चॅनल संकटाच्या हाकेसाठी असते, हे होडीवरच्या सर्वांत लहान पोरालाही ठाऊक असले पाहिजे. मालकाला काही झाले तर हाक त्यालाच मारावी लागेल.

आणि वादळात सापडलेल्या मुलाला फोनवर 'लवकर घरी ये, ईद जवळ आली' असे म्हणून घाई लावू नये. उशीर झाला तरी चालेल, लांबच्या वाटेने ये, हे शब्द घरातूनच आले तर त्याला धीर येतो. होडीच्या मालकालाही हेच सांगावे लागते. एका फेरीचे डिझेल आणि बर्फ वाया गेला तर पुढच्या फेरीत भरून निघेल.

शेवटचा मुद्दा आम्ही शिक्षक म्हणून मांडतो. वर्गात 'समजले का?' असे विचारले की न समजलेली मुलेही माना हलवतात. आपल्या घरांत अदब शिकवतात, ती शिकवलीच पाहिजे. पण अदब म्हणजे धोका दिसत असताना गप्प बसणे नव्हे, हेही त्याच वयात शिकवावे लागेल. 'अब्बा, मला वाटते आपण आज जाऊ नये,' असे मुलाने म्हटले तर 'तुला काय कळते?' असे उत्तर देण्याआधी त्याला काय दिसले ते विचारावे. तो चुकत असेल तर समजावून सांगावे. बरोबर असेल तर होडी किनाऱ्याला लावावी. आज जो मुलगा घरात असे बोलायला शिकेल, तोच उद्या एखाद्या जहाजाच्या ब्रिजवर मध्यरात्री कप्तानाला फोन करील, आणि पहिल्या नकाराने गप्प न बसता दुसऱ्यांदाही करील.